लेनोराचा काळा चष्मा

माझी मुलगी रुचा न्यू मेक्सिकोत, गॅलपच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. गेल्या वर्षी मी तिच्याकडे चार महिने होतो. शेजारच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे हर्बर्ट त्सो आणि त्यांची मुलगी लेनोरा चांदीचे दागिने घडवतात. माणसं नवाहो, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. हर्बर्टच्या आजोबांपासून घरात हेच काम.

मी चिंचवडला अडतीस वर्षं गॅस वेल्डिंग केलं. लेनोराही वेल्डर होती हे कळलं, आणि मी रोज सकाळी शेडमध्ये जाऊन बसू लागलो. नुसतं बसणं त्यांना चालत नाही. हर्बर्टनी हातात कानस दिली, कड्यांच्या कडा घासायला. माझं पहिलं कडं त्यांनी अंगठ्यानं तपासलं आणि तयार कड्यांत ठेवलं.

"परत दिलं नाही ना?" लेनोरा म्हणाली. "याहून मोठी शाबासकी या घरात मिळत नाही, काका." काका म्हणायला ती रुचाकडून शिकली होती.

लेनोरा सत्तेचाळीस वर्षांची. वीजकेंद्रात एकोणीस वर्षं पाइप जोडले. केंद्र बंद पडलं, तशी ती घरी परतली. हर्बर्टचे हात तोवर कापू लागले होते. आजोबांनी जुन्या कानशींच्या पोलादातून कोरलेले साठ-सत्तर ठसे त्यांच्याकडे होते. चांदीवरची सगळी नक्षी त्या ठशांचीच. हर्बर्टनी तिला एक वर्ष दिलं. तेवढ्या काळात कोंदण जमलं नाही, तर ठसे ॲरिझोनातल्या पुतण्याला, नेल्सनला.

ठसे मारणं तिला महिन्यात आलं. अडलं ते कोंदणावर. फिरोजाचा खडा बसतो ती चांदीची पट्टी कागदासारखी पातळ. ती तळाच्या पत्र्याला जोडताना क्षणभर आच जास्त झाली की वितळून गोळा होते. लेनोराच्या हातून असे किती गोळे झाले, तिनं मोजणं सोडलं होतं. हर्बर्ट प्रत्येक गोळा उचलून पाहत.

"पाण्याची टाकी छान जोडली आहेस," ते एकदा थट्टेनं म्हणाले. "गळणार नाही."

"शिझेए, चूक सांगा ना!" ती म्हणाली. शिझेए म्हणजे बाबा.

"बघ," एवढंच उत्तर.

त्यांच्यात असंच शिकवतात. शिकणाऱ्यानं बघायचं. मीही बघत होतो, आणि मलाही चूक दिसत नव्हती.

वर्ष संपायला दोनच दिवस उरले. नेल्सन शनिवारी ठसे न्यायला येणार होता. गुरुवारी सकाळी हर्बर्टनी खिडकीवर घोंगडी टांगली आणि दिवा बंद केला. लेनोरा गॅसचा टॉर्च पेटवून बसली. नेहमीप्रमाणे वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर.

"मला काही दिसत नाही," ती म्हणाली.

हर्बर्टनी घोंगडीची उरलेली फट बंद केली.

मग तिनं चष्मा काढला.

तिनं ज्योत एका जागी न धरता सगळ्या तुकड्याभोवती फिरवली. जोडावर लावलेला टाकणखार फुगला, बसला, काचेसारखा झाला. मग अंधारात चांदीवर फिकट गुलाबी रंग चढला, आच पुरेशी झाल्याची खूण. वर्षभर तो तिथेच होता. काळ्या काचेतून आणि खिडकीच्या उजेडात तिला कधी दिसला नव्हता. जोडासाठी ठेवलेली लवकर वितळणारी चांदी एका झटक्यात पट्टीभोवती धावली. लेनोरानं ज्योत लगेच बाजूला घेतली. कोंदण उभं होतं.

आम्ही वेल्डर चष्म्याशिवाय ज्योतीपुढे बसत नाही. म्हणून चूक मलाही दिसली नाही. तिच्या जागी मीही तो घातलाच असता.

"पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं," लेनोरा म्हणाली. आवाज चढला होता.

"तू चष्मा काढला असतास," हर्बर्ट म्हणाले. "रंग बघितला नसतास."

तिनं आणखी दोन कोंदणं जोडली. दोन्ही नीट बसली. दुपारी घोंगडी काढल्यावर मी विचारलं, राग गेला का?

"काका, म्हाताऱ्यानं वर्षभर माझे गोळे वितळवून पुन्हा पत्रा ठोकून दिला. त्या कापऱ्या हातांनी. एकदाही कपाळाला आठी नाही. प्लँटमध्ये मला दुसऱ्या चुकीला घरी पाठवलं असतं." तिनं डोळे पुसले. "मी नशीबवान आहे हो."

हर्बर्ट दारात उभे राहून फोनवर नवाहोत बोलत होते. मला शब्द कळले नाहीत. लेनोरा हसली.

"नेल्सनला सांगताहेत, शनिवारी जेवायला ये. मेंढी कापतोय. गाडीत सामानाला जागा ठेवू नकोस."