मुरैफा घळीत पुढे गेली तो दिवस

हिलाला ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्या सिनाईच्या डोंगरात शेळ्या राखायच्या बायकांनी आणि पाहुण्यांना वाट दाखवायची पुरुषांनी, असंच चालत आलेलं. "शहरातल्या बायकांना घळीतून मी फिरवून आणणार," असं तिनं सांगितलं तेव्हा चुलतदीर म्हणाला, "मग आम्ही काय शेळ्या हाकायच्या?"

"हाका की. आम्ही जन्मभर हाकल्या, मेलो नाही."

तेव्हापासून ती धीट म्हणून गाजली. मी तिच्यासोबत स्वयंपाकाला जायचे, म्हणून मला खरं ठाऊक होतं. घळीत शिरलं की तिचं बोलणं आटायचं. प्रत्येक वळणावर नजर वर कातळाकडे: लोंढा आलाच तर चढायचं कुठून? तिच्या मावशीला याच घळीत शेळ्यांसकट पाण्यानं नेलं होतं.

त्या खेपेला कैरोच्या तिघी होत्या. दोघी तरण्या, तिसरी दौलतबाई, निवृत्त शिक्षिका, गुडघ्यानं अधू. घळीच्या वरच्या टोकाला मुक्काम झाला. सकाळी हिलालाची लेक मुरैफा गाढवावर अंथरुणं बांधून उभी राहिली. आईच्या हाताखाली ती नुकतीच हे काम शिकत होती.

"यम्मा, मी पुढे होते. तुम्ही येईस्तोवर खालच्या तोंडाशी चूल पेटवते."

"आमच्याबरोबरच चल."

"या बायकांच्या चालीनं गाढव म्हातारं होईल."

हिलालाला हसू आलं आणि त्या हसण्यातच ती म्हणाली, "जा. पण कुठे रेंगाळू नकोस."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही अरुंद भागात होतो. वर आभाळाची निळी चिंधी, दोन्ही हातांना कातळ. अचानक पाठीवर गार वारा आला. हिलाला जागीच थांबली.

"वहिनी, ओल्या मातीचा वास येतोय?"

"नाही गं."

"मला येतोय. चला, सगळ्या वर चढा."

"आभाळ तर स्वच्छ आहे," दौलतबाई म्हणाल्या.

"इथलं आहे, बाई. वरच्या डोंगरावरचं मला दिसत नाही. चढा."

दौलतबाईंचा गुडघा वाकेना. हिलालानं खाली वाकून त्यांना खांद्यावर तोललं, आम्ही वरून हात धरून ओढलं. कपारीत पोचून बसलो, आणि काहीच झालं नाही. तरण्या दोघी फोटो काढू लागल्या. हिलाला मात्र खालच्या वळणाकडे बघत होती.

"मी उतरते. मुरैफाला गाठते."

मी तिची बाही धरली. "आणि या तिघी?"

"तू आहेस ना."

"मला भाकरी थापता येते, हिलाला. यांना इथून बाहेर काढता येत नाही. आणि पाण्याच्या पुढे तू पळणार आहेस का?"

ती खाली बसली. तेवढ्यात ट्रकमधून धोंडे ओतावेत तसा आवाज आला आणि आमच्या पायांखालून तपकिरी पाणी, मुळासकट उपटलेली झुडपं घेऊन, खाली धावलं. मुरैफा गेली होती त्याच दिशेला.

हिलाला "मी जा म्हणाले," एवढंच पुटपुटत राहिली. दौलतबाईंनी तिला जवळ ओढलं आणि पाणी ओसरेपर्यंत सोडलं नाही.

उन्हं कलताना आम्ही चिखलात उतरलो. दोन वळणं गेल्यावर झुडपाला अडकलेलं आमचं पट्ट्यापट्ट्यांचं कांबळं दिसलं. हिलालानं ते सोडवलं, पिळलं, आणि खांद्यावर घेऊन चालू लागली. तिच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही.

त्यापुढे गाढव होतं. मेलेलं.

"यम्मा," वरून आवाज आला. "वर बघ."

बाजूच्या चिरेत, उंचावर, मुरैफा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओझं वाटभर सैल होत होतं, एक कांबळं मागे गळालंही होतं; पुन्हा ओझं आवळायला ती तिथे थांबली होती. पाण्याचा आवाज ऐकताच चढली. गाढवाचा दोर हातात होता, पण ते चढेना. तळव्यांची सालटी निघेपर्यंत तिनं दोर सोडला नव्हता. खाली उतरल्यावर ती गाढवासाठीच रडत होती. हिलालानं आधी तिच्या तोंडावरचा चिखल पुसला, मग तिचे तळवे बघितले.

"गाढवापायी मरत होतीस?" ती म्हणाली, आणि तिथेच चिखलात बसली. शेवटी आम्ही तिला आधार देऊन बाहेर आणलं.

आता ती हे काम सोडणार, असं सगळे धरून चालले होते. चुलतदीर स्वतःचं गाढव घेऊन दारात आला. "हे ने," म्हणाला, "शेळ्या माझ्याच्यानं होत नाहीत." बायकांना घेऊन निघायच्या आदल्या दिवशी हिलाला अजूनही दहादा बाहेर येऊन वरच्या डोंगरावरचं आभाळ बघते. तरी ती जाते. मुरैफाला मात्र स्वतःच्या पुढे, हाताच्या अंतरावर चालवते, आणि पोरगी दिवसभर कुरकुरते, "यम्मा, माझ्या टाचेवर पाय देऊ नकोस."