विचारून सांगते

नागभीडच्या बसस्टँडवर बाबाने कंडक्टरला हात धरून थांबवलं. "भाऊ, पोरगी डॉक्टरीन व्हाले लंडनले चालली. समोरची सीट दे बरं तिले." कंडक्टर भला माणूस, त्याने आपलीच सीट दिली. मी खिडकीतून वाकून म्हटलं, "बाबा, डॉक्टर नाही होणार मी. फिजिशियन असोसिएट." तेवढ्यात बस सुरू झाली होती, म्हणून बाबा ओरडूनच बोलला, "तू गप ऱ्हाय! छाती तपासशीन ना? बीपी घेशीन ना? मंग डॉक्टर नाई तं का पटवारी होशीन?" अख्खी बस हसली. माय हसली नाही. तिने सुके झिंगे पिशवीत पिशवी घालून माझ्या बॅगेत कोंबले होते आणि तिचं एकच सांगणं चाललं होतं, "कोनी इचारलं तं औषध हाय म्हन."

तुम्ही जे तिकडेच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, कुणी समुद्रापलीकडे, त्या सगळ्यांना मी हे लिहिते आहे ते बाबाच्या पायाबद्दल. त्याचा डावा पाय मागच्या वर्षी गेला. तो कापायचा की नाही हे सांगायची पाळी माझ्यावर आली, आणि त्याहून कठीण म्हणजे, ते त्याला सांगायची.

आम्ही बोडीवर जगणारी माणसं. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. जाळं ओढायचं, पाऊस सरला की शिंगाडे काढायचे, आणि मधल्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायचं. बाबाचा निम्मा जन्म मांडीइतक्या पाण्यात उभं राहण्यात गेला. मी शिकत गेले तशी पाण्यापासून दूर गेले. आधी नागपूरला बीएस्सी, मग सरकारी शिष्यवृत्ती, मग इंग्लंडच्या उत्तरेतलं हे जुनं गिरण्यांचं गाव. गिरण्या केव्हाच्या बंद पडल्या, खोकला तेवढा म्हाताऱ्यांच्या छातीत राहिला. तो ऐकायचं काम माझं.

मी इथल्या एका जीपी प्रॅक्टिसमध्ये आहे. जीपी म्हणजे घरगुती डॉक्टर, तापापासून नैराश्यापर्यंत सगळं आधी त्याच्याकडे येतं. मी पेशंटचं ऐकते, तपासते, रक्त पाठवते, काय झालं असावं ते लिहिते. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र सही डॉक्टरची लागते. त्यामुळे खुर्चीवर बसलेल्या प्रत्येक माणसाला मी आधी सांगते की मी डॉक्टर नाही, आणि उठायच्या आधी सांगते, थांबा, मी विचारून सांगते. मग बाजूच्या खोलीत मॅरियनकडे जाते. मॅरियन आमची मोठी डॉक्टर, पासष्टीची, तोंडाची तिखट. इथं सगळे तिला नुसतं मॅरियन म्हणतात. मी तोंडाने तसंच म्हणते, मनात मात्र ती मॅरियनबाईच आहे, आमच्या बोलीची सवय अशी सुटत नाही. आमच्या कामाचं नाव काय असावं, आम्ही काय करावं आणि काय करू नये, यावर इथं वर्तमानपत्रांत भांडणं चालतात. मला त्याचा फार राग येत नाही. विचारून सांगण्यात मला एक सुख आहे. चूक झाली तर ती माझ्या एकटीच्या डोक्यावर पडत नाही.

गावाकडे दवाखान्यात कुणी एकटं जात नाही. पेशंटसोबत माय, भाऊ, सासरा, शेजारीण असे सगळे जातात. दुखतं एकाचं, सांगतो घरातला मोठा माणूस, आणि ज्याचं दुखतं तो भिंतीकडे बघत बसतो. आजार वाईट असला तर डॉक्टर त्या मोठ्याला बाहेर घेऊन कानात सांगतो. पेशंटला सांगत नाहीत, हाय खाईल म्हणून. माझा आजा असाच गेला. त्याला शेवटपर्यंत 'पोटात वायू धरला' एवढंच माहीत होतं, किंवा त्याला सगळं माहीत होतं आणि तोही आमच्यासाठी वायू धरल्याचं सोंग करत होता. इथं उलटं. माणूस एकटा येतो, एकटा ऐकतो, पर्स उचलून एकटा जातो. पहिल्या हिवाळ्यात एका बाईला मी मॅरियनच्या देखरेखीखाली वाईट बातमी सांगितली. ती "थँक यू" म्हणून गेली, बसस्टॉपवर एकटीच उभी राहिली. मी खिडकीतून बघत राहिले, तिच्यासोबत निदान एखादी शेजारीण तरी हवी होती.

मधुमेहाच्या पेशंटचे पाय तपासायचं काम प्रॅक्टिसमध्ये माझ्याकडेच असतं. नायलॉनचा एक तुकडा असतो, जाळ्याच्या दोऱ्याचा असतो तसाच. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, तळव्याला तो टेकवायचा आणि विचारायचं, लागलं का? एका सुटीत मी तो घरी नेला आणि ओसरीवर बाबाचे पाय मांडीवर घेतले. तो डोळे मिटून बसला. अंगठ्याला टेकवलं, टाचेला टेकवलं, बाबा वाट बघतच होता. शेवटी म्हणाला, "सुरू कर ना आता." मी सगळं सांगितलं, साखर, पायाची सुन्न झालेली कातडी, पाण्यात बूट घालायला हवेत. तो मोठ्याने हसला. "बूट घालून कोनी मासा धरते का, बाई? मासे बी हसतीन."

मागच्या वर्षी शिंगाड्याच्या हंगामात त्याच्या तळव्यात शिंगाड्याचा काटा मोडला. त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा पाय सुजला होता आणि वास येत होता. रवी, माझा धाकटा भाऊ, त्याला चंद्रपूरला घेऊन गेला, तिथून नागपूरला. एका सकाळी दोन अपॉइंटमेंटच्या मधे रवीचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे दुपार होती. त्याने कॅमेरा पायावर धरला. बोटं काळी पडली होती आणि लाली नडगीवर चढत चालली होती.

"ताई, डॉक्टर म्हनते टोंगळ्याखालून कापा लागन. आजच. नाई तं जहर वर चढन. काका म्हनते, नोको कापू, वैद्याकडे नेऊ. का करू मी?"

मी काय बोलले असेन? जे दिवसभर बोलते तेच. म्हटलं, "थांब, मी विचारून सांगते."

फोनमध्ये मायचा आवाज आला. "कोनाले इचारतं वो? आमी तं तुलेच इचारून राह्यलो."

तरी मी मॅरियनकडे गेले. कॉल तसाच सुरू ठेवून फोन तिच्यासमोर धरला. तिने पडद्यावरचा पाय नीट पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाली, हा माझा पेशंट नाही, मी लांबून काही सांगणार नाही. पण हा पाय आपल्या खोलीत आला असता, तर तू माझ्याकडे काय लिहून आणलं असतंस? मी म्हटलं, आजच कापा. माझ्या पुढच्या पेशंटला तिने आपल्या खोलीत बोलावून घेतलं आणि जाताना माझ्या खोलीचं दार ओढून घेतलं.

मी रवीला सांगितलं, गुडघ्याखालून कापू दे, वैद्याचं नाव काढू नको. तो रडला आणि हो म्हणाला. मला वाटलं, झालं. पण मायने फोन हातात घेतला आणि जिन्याखाली गेली. तिचा आवाज एकदम हळू झाला.

"आयक. त्याले नोको सांगू. दोन बोटं काढतीन म्हन. डॉक्टरवर त्याचा भरोसा नाई, सही देऊन नाई राह्यला. तू सांगतलं तं देईन. मंग उठल्यावर पाहू."

मायचं चुकत नव्हतं. तिने सासऱ्याला असंच जपलं होतं, तिच्या मायनेही कुणाला तरी असंच जपलं असेल. आमच्याकडे मायेची हीच रीत आहे. मी दोन बोटं म्हटलं असतं तर बाबाने डोळे मिटून सही केली असती. आणि शुद्धीवर येऊन पांघरूण उचललं असतं तेव्हा तिथं पाय नसता, माझा शब्द तेवढा असता. मी मायला म्हटलं, बाबाला दे. ती देईना. मी पुन्हा म्हटलं. "तू तिकडं जाऊन दगडाची झाली," ती म्हणाली, आणि फोन दिला. ते वाक्य अजून कधी कधी मला कपडे वाळत घालताना ऐकू येतं.

वाईट बातमी कशी सांगायची हे आम्हाला शिकवलेलं आहे. आधी पेशंटला काय माहीत आहे ते विचारा, मग साधे शब्द वापरा, मग गप्प बसा. ते सगळं मला इंग्रजीत येतं. आमच्या बोलीत मी कधी कुणाला असलं काही सांगितलं नव्हतं. बाबाचा चेहरा पडद्यावर आला, दाढी वाढलेली, ओठ तापाने सुकलेले.

"बाबा, तुले का मालूम हाय?"

"बोटं काढतीन म्हनते."

"बोटं नाई, बाबा. पाय जाईन. टोंगळ्याखालून. नाई कापला तं तू जाशीन."

मग मी गप्प बसले. बाजूच्या खाटेवरचा माणूस खोकत होता तेवढं ऐकू येत होतं.

"शिंगाडे राह्यले काढाचे," तो म्हणाला.

"रवी काढीन."

"कापलेला पाय मले देतीन का?"

"देतीन, बाबा. मागितला तं देतात."

"तं रवीले सांगजो, बोडीच्या पारीवर पुरजो. इथी नोको टाकू." मग कॅमेऱ्याबाहेर बघून म्हणाला, "आना तो कागद."

फोन ठेवून मी तोंड धुतलं आणि पुढचा पेशंट बोलावला. एका बाईचा कान दुखत होता.

सुटी मिळून मी पोचले तोवर टाके निघाले होते. पाय बाबाच्या आधीच गावी पोचला होता. रवीने आणि काकाने तो गाडीतून आणून पारीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, पाणी चढत नाही अशा जागी पुरला. तिथं दगड नाही, खूण नाही. बाबा कुबड्यांवर तिथवर जातो आणि जाळी विणतो. लोक त्याला गमतीने म्हणतात, "भाऊचा एक पाय तं आतापासूनच मातीत." तो हसतो. माय माझ्याशी पहिले काही दिवस कामापुरतंच बोलली. मग एका दुपारी तिने माझ्या डोक्याला तेल लावलं आणि तो विषय आम्ही दोघींनी पुन्हा काढला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बाबाने मला पारीवर बसवून घेतलं.

"त्या दिवशी तुले माय का म्हने?"

"तुले सांगू नोको म्हने."

"मालूम होतं मले. जीव तुटते तिचा, तिचं चुकलं नाई." त्याने जाळ्याची एक गाठ ओढली. "असा दिवस अजून एक येईन. तवा कापाले काई नसन. तवा बी तूच सांगजो. कानात कुजबुज नोको मले. तुह्या तोंडून पायजे."

लेकी म्हणतात तसं मला म्हणायचं होतं, बाबा, काहीतरीच काय बोलतोस. पण तो माझ्याकडे सरळ बघत होता, आणि त्याला खरं उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "सांगीन."

घर कुठं आहे असं मला इथं लोक विचारतात. मी जिल्ह्याचं नाव सांगते, जंगल सांगते, धान सांगते, वाघही सांगते कारण त्यांना तेच ऐकायचं असतं. खरं मला नीट सांगता येत नाही. इंग्रजीत मी वाईट बातमी सांगते, पाण्याचा ग्लास पुढे करते, आणि दार उघडून पुढचा पेशंट बोलावते. घर म्हणजे आता माझ्यासाठी पारीवर जाळं विणत बसलेला तो एक माणूस आहे. त्याला ती शेवटची बातमी सांगून झाल्यावर मला पुढचा पेशंट बोलावता येणार नाही.