शेवटच्या पानावर तिनं वाकलं पाहिजे

एखाद्या ठिकाणी दहा-बारा वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. एक सांगायला घ्यावा तर दुसरा मागून पदर ओढतो. नागपूरच्या इतवारीतल्या त्या छापखान्याचं माझं तसंच झालं आहे. लोक अजून विचारतात, "मॅडम, तुम्ही तर शाळेत इंग्रजी शिकवायच्या, मग त्या प्रेमकथा कशा काय?" विचारताना आवाज जरा खाली घेतात. मी उत्तर देताना मुद्दाम वर घेते. लिहिल्या, भरपूर लिहिल्या, आणि एकीचीही मला लाज वाटत नाही.

छापखाना धनराजभाऊंचा. लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापायचे. सत्तर साल उजाडायच्या आसपास त्यांनी सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यातली रद्दी उचलली, तर तिच्यात निघाल्या जाडजूड जुन्या इंग्रजी कादंबऱ्या. एक माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "याच्यातली लव्ह स्टोरी काढून द्या मॅडम. नावं आपली, गावं आपली. दर महिन्याले एक पुस्तक."

लिहिणाऱ्या आम्ही तिघी. मी, धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स असलेली शांता, आणि वाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टायपिस्ट असलेली विमल. पुस्तकावर मात्र नाव एकच, 'सौ. सुहासिनी'. प्रेमाबद्दल लग्न झालेल्या बाईनेच लिहावं, नाहीतर लोक संशय घेतात, असं धनराजभाऊंचं मत. आमच्यात मी बिनलग्नाची, शांताही तशीच. कागदोपत्री 'सौ.' एकटी विमल, आणि तिचा नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत कलकत्त्याला गेला तो गेलाच होता.

*

आमची पद्धत अशी. आठवडाभरात मी इंग्रजी कादंबरी वाचायची. शनिवारी दुपारी बायंडिंगच्या खोलीत बसून गोष्ट मराठीत सांगायची. शांता आणि विमलने ऐकायची, आणि मूळ पुस्तकाला हात न लावता आपापली प्रकरणं लिहायची; उरलेली माझ्याकडे. त्याच खोलीत पाच-सहा बायका छापील कागदांच्या घड्या घालत, शिवत, खळ लावत बसलेल्या असायच्या. त्यांच्यात मोठ्या कौसल्याबाई. घरचे हातमाग बंद पडल्यावर त्या या कामाला लागल्या होत्या. वाचता येत नव्हतं, पण गोष्ट ऐकताना त्यांचे हात चालायचे आणि तोंडही.

पहिल्याच शनिवारी मी रंगात आले होते. नायिका खिडकीत बसून रडते आहे, बागेत जाऊन रडते आहे, पत्र वाचून रडते आहे. कौसल्याबाईंनी सुई थांबवली.

"काहून वं बाई, ही पोरगी रडूनच राहिली. कामधंदा काही करत नाही काय?"

मी म्हटलं, "श्रीमंताघरची आहे."

"मंग तिले काय झालं रडाले?"

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक नायिकेला नोकरी लागली. कोणी तारऑफिसात, कोणी शाळेत, एकीने तर सीताबर्डीवर टायपिंगचा क्लास काढला. साहेबांच्या देशातल्या त्या बिचाऱ्या पोरी शंभर वर्षं खिडकीत बसल्या होत्या. त्यांना कामाला आम्ही लावलं.

*

मग आम्हाला नायिकेची वाक्यं शोधायची खोडच लागली. मूळ पुस्तकात ऐनवेळी ती बेशुद्ध पडायची. बेशुद्ध बाईच्या तोंडी वाक्य कुठून घालणार? ती वाक्यं नागपुरातूनच आणावी लागायची.

सगळ्यात चांगलं वाक्य शांताने आणलं. तिच्या दवाखान्यात यवतमाळकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. तातडीचं ऑपरेशन होतं. डॉक्टर कागद हातात धरून विचारत होते, "बरोबर पुरुष माणूस कोणी आहे का सही करायला?"

बाई म्हणाली, "पुरुष माणूस तुमच्या टेबलावर पडून हाय. सही कुठं करू ते सांगा."

शांता ड्युटी संपल्यावर घरी गेली नाही, तडक इतवारीत आली. ते वाक्य तसंच्या तसं आमच्या पुढच्या कादंबरीत गेलं. महिनाभरात बर्डीवरच्या भाजीबाजारात एका बाईच्या तोंडून मी ते ऐकलं. तिचा नवरा पिशवी घेऊन शेजारीच उभा होता.

*

या पद्धतीत एक धोका होता. प्रकरणं वाटून लिहायची, आणि एकमेकींचं वाचायला वेळच नसायचा. एका कादंबरीत नायक आजारी पडला. ते प्रकरण शांताकडे. तिने नर्सच्या शिस्तीत सगळी लक्षणं लिहिली, आणि एवढी लक्षणं लिहिल्यावर माणूस जगणं शक्य नाही म्हणून त्याला मारून टाकलं. पुढचं प्रकरण विमलकडे. त्यात तो सायकलवरून आला, नायिकेच्या आईला नमस्कार केला, पोहे खाल्ले आणि मागणी घातली.

पुस्तक छापून, शिवून, गावोगाव पोचल्यावर आम्हाला कळलं. धनराजभाऊ कपाळाला हात लावून बसले. आता पुस्तकं परत येणार, वाचनालयवाले शिव्या घालणार. आठवडे गेले, एकही पुस्तक परत आलं नाही. शेवटी न राहवून त्यांनी उमरेडच्या एका वाचनालयात जाऊन स्वतःच विचारलं, की बुवा कोणी काही बोललं का?

तिथे पुस्तक बदलायला आलेली एक बाई म्हणाली, "चांगलं हाय पुस्तक. मेल्यावर लई सुधरला तो."

*

आता शेवटच्या पानाबद्दल सांगायला हवं, कारण आमची सगळी भांडणं त्यावरून. तेव्हा पुस्तक बाईच्या हातात पडायच्या आधी घरातलं कोणीतरी मोठं माणूस ते हातात घ्यायचं. सासरा, सासू, नाहीतर नवरा. पूर्ण वाचायला वेळ कोणाला? शेवटचं पान उघडायचं. तिथे लग्न लागलेलं असलं आणि नायिका खाली मान घालून उभी असली की पुस्तक पास. नसलं की वाचनालयात परत.

धनराजभाऊंनी त्यावरून नियमच केला. "मधात काय पाहिजे ते करा. नोकरी करा, भांडण करा. पन शेवटच्या पानावर तिनं वाकलं पाहिजे."

शांता बौद्ध घरातली. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, माझ्या बाबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी उगाच कोणापुढं वाकणं बंद आहे."

"तुमच्या घरचं ठीक हाय. पुस्तकात वाकली पाहिजे."

"बरं," शांता म्हणाली.

पुढच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नायक हात जोडून उभा आहे. नायिका त्याच्याकडे पाहते, हळूच वाकते, चपलेचा पट्टा घट्ट करते आणि ड्युटीवर निघून जाते. धनराजभाऊंनी 'वाकते' इथपर्यंत वाचलं आणि छपाईला दिलं. कळल्यावर आठ दिवस आम्हाला चहा मिळाला नाही. तेव्हापासून मात्र शेवटचं पान ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागले, आणि आमची पंचाईत झाली.

*

आणि आता विमलची गोष्ट.

एका पावसाळ्याच्या अखेरीस तिचे मोठे दीर वाडीला तिच्या खोलीवर आले. दारातच उभं राहून म्हणाले, "तो परत येऊन राहिला. कलकत्त्याचं काम सुटलं. सामान बांधून ठेव, दिवाळीनंतर घ्यायले येतो." इतक्या वर्षांत हे गृहस्थ एकदाही आले नव्हते. विमल नाही म्हणाली. ते हसले आणि निघून गेले.

त्या शनिवारी ती मला म्हणाली, "तोंडानं नाही म्हटलेलं कोणी धरतच नाही हो. म्हणतात, बाई आहे, दोन दिवसांत हो म्हणेल. माझी आई पण तेच म्हणते. छापलेलं असलं तर धरतील का?"

मी तेव्हा एका जाड कादंबरीची गोष्ट सांगत होते. नायक समुद्रापार जातो, नायिका वर्षानुवर्षं वाट पाहते, तो परत येतो आणि ती धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते. विमल म्हणाली, "ही मी एकटी लिहिते. आणि नाव माझं टाकायचं. सौ. नको, सुहासिनी नको. नुसतं माझं." दिवाळीचं पुस्तक काढायची वेळ जवळ आलेली, दुसरं काही तयार नाही. धनराजभाऊ हो म्हणाले.

तिने लिहिलं. तिच्या नायिकेचं धापेवाड्याच्या हातमागाच्या साड्यांचं छोटं दुकान असतं, स्वतः उभं केलेलं. शेवटी तो दुकानाच्या दारात बॅग घेऊन उभा राहतो. ती उठते, खुर्ची पुढे करते आणि म्हणते, "बसा. चहा ठेवते. चहा झाला की परतीची गाडी मिळेल तुम्हाला." संपलं.

खोलीत वाचून दाखवलं तेव्हा घड्या घालणारे सगळे हात थांबले होते. कौसल्याबाई एवढंच म्हणाल्या, "चहा पाजला, हे बरं केलं."

धनराजभाऊ मात्र खवळले. "ही लव्ह स्टोरी हाय का घर खाली करायची नोटीस?"

विमल त्यांच्यासमोर इतकं सरळ कधी बोलली नव्हती. "भाऊ, शेवट बदलायचा तर माझं नाव काढा. नाव ठेवायचं तर शेवट ठेवा."

"बरं बरं," धनराजभाऊ म्हणाले. त्या 'बरं बरं'वर आम्ही विश्वास ठेवला, आम्ही तिघी शिकलेल्या बायका.

पुस्तकं बाहेर पडायच्या आदल्या दिवशी बायंडिंगच्या खोलीत गेलो तर शिवलेल्या पुस्तकांशेजारी सुट्या पानांची एक थप्पी. एकच पान, वेगळं छापलेलं, शेवटी खळ लावून चिकटवायचं. धनराजभाऊंनी स्वतः लिहिलेलं. त्यात नायिका रडत स्टेशनवर धावते, गाडी थांबवते, आणि प्लॅटफॉर्मवर त्याच्या पायांवर डोकं ठेवते.

विमलने ते वाचलं आणि तिथेच जमिनीवर बसली. "माझ्या नावानं," ती म्हणाली. "आता तर सहीच झाली माझी." मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. मी धनराजभाऊंना नाही नाही ते बोलले. ते मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी माल निघते. कव्हरं लागली. आता काही होत नाही."

कौसल्याबाईंनी विचारलं, "त्या पानावर काय लिहिलं हाय, वाचा बरं."

मी वाचून दाखवलं. त्यांनी खळीचं भांडं जवळ ओढलं, आणि आम्ही तिघी मान खाली घालून बाहेर पडलो.

चार-पाच दिवसांनी धनराजभाऊ हातात पुस्तक घेऊन तरातरा बायंडिंगच्या खोलीत आले. मी आणि विमल तिथेच होतो. पुस्तकं सगळ्या विदर्भात पोचली होती, आणि एकाही पुस्तकात ते पान नव्हतं.

"शेवटचं पान काहून नाही लावलं?"

कौसल्याबाईंनी हातातली घडी पुरी केली. "ते आपल्या पुस्तकाचं नव्हतं, मालक. आम्ही ही पोरगी पयल्यापासून आयकली हाय. ती अशी धावत नाही. दुसऱ्या पुस्तकाचं पान मिसळलं असंल म्हणून बाजूले ठेवलं." आणि कोपऱ्यातल्या थप्पीकडे बोट दाखवलं. पानं नीट सुतळीने बांधून ठेवलेली होती.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी विमलच्या खोलीवर होते. दार उघडंच होतं. मोठे दीर आले, मागे नवरा, हातात बॅग. दिरांनी घरभर नजर फिरवली. सामान जिथल्या तिथे होतं. टेबलावर फक्त पुस्तक ठेवलेलं, वर विमलचं नाव.

दिरांनी ते उचललं आणि घरातली मोठी माणसं उघडतात तसं शेवटचं पान उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग पुस्तक भावाच्या हातात दिलं.

तो वाचत होता तेव्हा विमल उठली, खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "बसा. चहा ठेवते."