वाचनपीठावरचा खिळा

गुरुवारी तिसऱ्या तासाला टेबलावरचा फोन थरथरला. वर्गात मी फोन घेत नाही, पण पडद्यावर गुरुजींच्या पत्नी मरियमकाकूंचं नाव होतं आणि काकू दिवसा कधी फोन करत नाहीत. मुलांना धडा वाचायला सांगून मी दाराबाहेर गेले. "अर्चू, गुरुजी गेले वं..." काकू म्हणाल्या. "सकाळी चहा मांगितला. कप घेऊन आली तं मान खाली गेली होती." मग त्या म्हणाल्या, "रविवारी वाचाले येजो. त्यायनं सांगून ठेवलं हाये."

तो रविवार आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्या दिवशी काय वाचायचं हे मला माहीत होतं.

सायमन गुरुजी शाळेतले मास्तर नव्हते. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते फिटर होते. दर रविवारी आमच्या गावच्या छोट्या कॅथलिक चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देत, म्हणून सगळ्यांचे गुरुजी. गावात आमची चाळीसेक घरं. मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादरांनी शुभवर्तमान वाचण्याआधी एक साधा माणूस उभा राहून जुन्या करारातलं पहिलं वाचन करतो. ते वाचन पन्नासहून अधिक वर्षं गुरुजींचं होतं. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली तेव्हा ते कोवळे तरुण होते आणि चर्चमध्ये वाचता येणारे मोजकेच. ते सांगत, "माही माय शेवटच्या बाकावर बसे. त्या दिवशी पह्यल्यांदा तिले समजलं का चर्चमध्ये काय बोलतेत. घरी येऊन म्हणे, सायमन, देवाले मराठी येते म्हणून कोणं सांगतलं नाई आपल्याले." हे सांगून ते हसत. पण वाचनपीठापाशी त्यांना कधी कुणी हसताना पाहिलं नाही.

माझे बाबा त्याच जिनिंगमध्ये हमाली करायचे. आमच्या घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. गुरुजी मला अंगणात उभं करून धडा वाचायला लावायचे आणि स्वतः लांब कडुनिंबाखाली जाऊन बसायचे. मी हळू वाचलं की तिथून आवाज यायचा, "शेवटच्या बाकाले ऐकू आलं नाई." पुन्हा पहिल्यापासून. वाक्य संपलं की मान वर करायची आणि सगळ्यात लांबच्या माणसाकडे बघायचं, ही त्यांची शिस्त. मी बी. ए. झाले तेव्हा पदवीचा कागद घेऊन पहिली त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो हातातही घेतला नाही. म्हणाले, "मले काऊन दाखवतं? आईले वाचून दाखव. काय लिवलं हाये ते मराठीत सांग." मी चुलीपाशी उभी राहून आईला तो कागद वाचून दाखवला. आईने दोनदा वाचायला लावला. पुढे वर्ध्याला शाळेत नोकरी लागली, नालवाडीत खोली घेतली, तरी शनिवारी गावी यायचं मी मोडलं नाही.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. तयारीचे, थांबण्याचे दिवस. वेदीवर फुलं नसतात, फादर जांभळी वस्त्रं घालतात आणि हिरव्या पानांच्या एका कड्यावर चार मेणबत्त्या असतात. दर रविवारी एक जास्त पेटते. तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. आमच्याकडे ते कडं अशोकाच्या पानांचं असतं आणि मेणबत्ती गुरुजी लावत. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या रविवारी त्यांनी गुलाबी पेटवली. बाकांवर हसू पसरलं. "गुरुजीले नाताळची लय घाई झाली," कुणीतरी म्हणालं. तेही हसले. पण मी तिसऱ्या बाकावर होते. काडी ओढण्याआधी त्यांनी बोटाने वात चाचपली होती, हे मी पाहिलं होतं.

मिस्सा झाल्यावर मी त्यांच्या मागे घरी गेले. काकू आत होत्या. मी विचारलं, "गुरुजी, तुम्हाला दिसत नाही का?" ते खाटेवर बसले, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागले. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकूंखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. "मग आजचं वाचन?" "जुनं ध्यानात होतं. पण आता विसरून राह्यलो." थोडं थांबून म्हणाले, "अर्चू, तिथं उभा राह्यतो म्हणून मी सायमन हाये. नाई तं जिनिंगमधला रिटायर फिटर."

त्या दिवसापासून शनिवारी संध्याकाळी मी त्यांना दुसऱ्या दिवशीचं वाचन वाचून दाखवू लागले. तीनदा ऐकलं की त्यांना पाठ व्हायचं. चर्चमध्ये आहे तशीच वाचनाच्या पुस्तकाची एक प्रत त्यांच्याकडे होती, त्यामुळे पान कोणत्या शब्दावर संपतं हेही ते विचारून घेत आणि त्या शब्दावर हात उचलून पान उलटायचा सराव करत. मग मी चर्चमध्ये जाऊन पुस्तकाची रेशमी फीत त्या पानात घालून येई. एकदा फीत घालताना वाचनपीठाच्या उजव्या कडेला बोटाला काहीतरी टोचलं. बारीक खिळा होता, डोकं जरा वर ठेवून ठोकलेला. अंगठा त्यावर टेकला की पुस्तक कुठे, माणसं कुठे, हे त्यांना कळत असे. फिटर माणूस, कधी येऊन ठोकून गेले कोण जाणे. वर्षभर कुणाला काही कळलं नाही. पण माझा एकही रविवार सुखाचा गेला नाही. ते पायरी चढायला लागले की मी श्वास धरायची आणि ते बाकावर परत येऊन बसले की सोडायची.

पुढच्या जूनमध्ये नवे फादर आले. मूळचे केरळचे, मराठी नागपुरात शिकलेले. शांत, पण नियमाचे पक्के. गुरुजी वाचायचे तेव्हा ते आपल्या खुर्चीवर स्वतःचं पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवून ऐकत. आधीच्या फादरांना ती सवय नव्हती.

चर्चची रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात असतात. वर्ष 'अ', मग 'ब', मग 'क'. पुस्तकात एकाच रविवारची तिन्ही पाठोपाठ छापलेली असतात. ते संपूर्ण वर्ष मी गुरुजींना 'अ' वाचून दाखवलं होतं. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी बसमधून उतरून घाईत आले, सवयीने 'अ' उघडलं, डोंगरावरच्या देवाच्या घराचं आणि तलवारींचे नांगर होण्याचं ते वाचन तीनदा वाचलं, फीत घातली आणि घरी गेले. चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं. हे मला लहानपणी धर्मशिक्षणात शिकवलेलं होतं. गुरुजींनीच.

रविवारी त्यांनी सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा, स्वच्छ. दुसऱ्या वाक्याला फादरांचं बोट थांबलं. त्यांनी एक पान उलटलं, मग मागे आले, मग मान वर करून गुरुजींकडे पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं: आजपासून 'ब' वर्ष होतं. गुरुजींना फादरांची पानं ऐकू गेली होती. ते क्षणभर थांबले... अंगठा खिळ्यावर दाबलेला मला दिसत होता. बरोबरचं वाचनही, कुंभार आणि मातीचं, त्यांना तीन वर्षांमागचं आठवत असेल. पण त्यासाठी पुस्तकात पान शोधावं लागलं असतं, आणि शोधायला डोळे लागतात. ते पुढे वाचत राहिले. ठरल्या शब्दावर पान उलटलं, शेवटचं वाक्य म्हटलं, मान वर केली. पेटीवर बसलेल्या, मठातल्या सिस्टरने 'ब' वर्षाचं स्तोत्र सुरू केलं. वाचनाशी त्याचा काही मेळ नव्हता. फादर प्रवचनात कुंभार आणि मातीवर बोलले.

नंतर वेदीमागच्या खोलीत त्यांनी विचारलं, "गुरुजी, आज कौनसा साल पढ़ा आपने?" मी दारात होते. गुरुजींनी माझ्या दिशेला नुसती मान वळवली. त्यांना मी दिसत नव्हते, तरी त्या वळण्याने माझं तोंड बंद झालं. "म्हाताऱ्याचं चुकलं, फादर. पान दुसरं उघडलं." चूक माझी आहे असं म्हणायला गेले असते, तर त्यांची नजर गेल्याचंही सांगावं लागलं असतं. फादर म्हणाले, "ठीक आहे. आता प्रत्येक वाचकाने शनिवारी माझ्यासमोर वाचून दाखवायचं."

त्या आठवड्यात मी रोज फोनवर दुसऱ्या रविवारचं वाचन ऐकवलं. शाळा सुटल्यावर, बसथांब्यावर उभी राहून. "घोकून राह्यलो हावो," ते म्हणायचे, "तू भिऊ नको." शनिवारी चार वाजता चर्चमध्ये फादर, सिस्टर, ग्रामीण रुग्णालयातली एक नर्स आणि गुरुजी. मी शेवटच्या बाकावर. नर्सने दुसऱ्या रविवारचं वाचन केलं. फादर म्हणाले, "छान. आता गुरुजी, तुम्ही." आणि तेच पुन्हा नको म्हणून त्यांनी पान उलटलं. त्या कागदाचा आवाज मला अजून येतो. गुरुजी पायरी चढले. अंगठा टेकवला. चष्मा काढून पुसला, परत घातला. कोणतं पान समोर आहे तेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग ते म्हणाले, "फादर, मले दिसत नाई."

"कब से?"

"दोन आगमनकाळ झाले."

"मग वाचत कसे होता?"

"कोणी वाचून दाखवते. मी पाठ करतो."

"कोण?" मी उभी राहिले. म्हणाले, "मी. आणि मागच्या रविवारी वर्ष चुकलं ते माझ्यामुळे." गुरुजींनी डोळे मिटले. फादर म्हणाले, "पाठ म्हणणं वेगळं, वाचणं वेगळं. शब्द पुस्तकातून वाचायचा असतो. हा नियम माझा नाही. गुरुजी, मला आधी सांगायला हवं होतं." गुरुजी म्हणाले, "सांगतलं असतं तं तुम्ही हेच केलं असतं." फादरांनी पुस्तक मिटलं.

संध्याकाळी फळ्यावर यादी लागली. पहिलं वाचन, त्यापुढे माझं नाव. दुसऱ्या दिवशी मी वाचायला निघाले तेव्हा बाकावरून एक बाई शेजारणीला म्हणाली, "शिकवाचं तं असं शिकवाचं, का आपलीच खुर्ची गेली पाह्यजे." मी ऐकलं आणि पुढे गेले. गुरुजी पहिल्या बाकावर होते. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मला मान वर करता आली नाही. मिस्सानंतर ते एवढंच म्हणाले, "खाली पाहून वाचलं तू. शेवटच्या बाकाले ऐकू आलं नाई." काकूंनी त्या दिवशी मला चहा विचारला नाही.

शनिवार चालूच राहिले. आता मी वाचायची आणि ते चुका काढायचे. पण एक प्रश्न दोन वर्षं मी त्यांना विचारला नव्हता. मी 'मी' म्हणाले नसते तर? त्यांनी स्वतःपुरतं कबूल केलं होतं, माझं नाव झाकलं होतं. माझ्या खरेपणाने फादरांना फक्त दुसरा वाचक मिळाला. फादर वाईट नव्हते. त्याच डिसेंबरात वाचनपीठ रंगवायला आलेल्या पेंटरने पकडीने तो खिळा धरला, तेव्हा ते म्हणाले, "त्याला हात लावू नका." गुरुजींना मी हे सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचा दम वाढला. ते गेले त्याआधीच्या शनिवारी मी शेवटी विचारलंच. "गुरुजी, मी त्या दिवशी बोलायला नको होतं का?" काकू भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. गुरुजी उशी सावरून बसले. मग म्हणाले, "मले राग आलता. लय आलता. तुहा नाई... फादरचाबी नाई. डोयाचा." दम घेतला. "साल बदलते हे म्या तुले शिकवलं अन् मीच विसरलो. अर्धी चूक माही होती, ते तिथं म्या सांगतलं नाई. तू तुही सांगतली. मंग मोठं कोण झालं?" मला रडू येत होतं, ते त्यांना आवाजावरून कळलं असावं. "रडतं काऊन? यंदा आगमनकाळात कोणतं साल हाये?"

"'अ'."

"मंग झालं तं. दोन वर्षं थांबलो, तुही चूक बरोबर झाली. तेच वाचन हाये. वाचजो. या खेपेस वर पाह्यजो."

त्यानंतर आमची भेट झाली नाही.

शुक्रवारी त्यांना माती दिली. रविवारी अशोकाच्या पानांच्या कड्यावर पहिली जांभळी मेणबत्ती फादरांनी स्वतः लावली. पहिल्या बाकावर गुरुजींची जागा रिकामी होती आणि काकूही तिथे नव्हत्या. त्या आल्याच नाहीत असं समजून मी पायरी चढले. फीत काढली. डोंगर, देवाचं घर, तलवारी... तेच शब्द. पान जिथे संपतं तिथे माझा हात आपोआप उचलला गेला. फादरांचं बोट त्यांच्या पुस्तकावर सरळ पुढे सरकत होतं, कुठेही न थांबता. शेवटचं वाक्य झालं आणि मी मान वर केली. सगळ्यात मागच्या बाकावर, भिंतीला टेकून, पांढऱ्या पदरात काकू बसल्या होत्या.

मिस्सानंतर मी त्यांच्याकडे गेले. त्या उठल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "आलं ऐकू." मग घरी नेऊन चहा ठेवला.

नाताळ होऊन गेला, कडं उतरवलं. खिळा अजून तिथेच आहे. त्याच्यावर रंगाचा एक थर चढला होता, तो अंगठ्याने घासून निघून गेलाय. मी डोळ्यांनी वाचते, मला त्याची गरज नाही. तरी अंगठा टेकल्याशिवाय माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघत नाही.