अंगणातलं कुत्रीचं बारसं

"राणी! चंपी! ए मैने!" मुखेडच्या आमच्या अंगणात मी असा ओरडत होतो, की जळकोटची एसटी म्हणे स्टँडवरच बंद पडली. आज नांदेडच्या खोलीत एकट्यानं दुधात भाकरी कुस्करली आणि त्या वासानं ती दुपार पुन्हा समोर आली.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबांना सोबत म्हणून मी कुत्रीचं पिल्लू आणलं होतं. एवढंसं, की खिशात ठेवलं तर रुमाल समजून कुणीही नाक पुसलं असतं. शंभर नावं घेऊन झाली, तरी तिनं दूधभाकरीतून तोंड वर काढलं नाही. तेवढ्यात बाबा ओसरीवरून हळूच म्हणाले, "अगं, ये की इकडं." ती शेपूट हलवत धावली.

आईला त्यांनी जन्मभर हीच हाक मारली होती. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलंच नाही. आज हे आठवलं आणि मी कुस्करलेली भाकरी बाजूला सारली. तेव्हा मात्र मी पोट धरून हसलो होतो.

"ओ बाबा, 'अगं' हे काय नाव हाय व्हय?"

"घरात दुसरं कोण हाय," बाबा म्हणाले, "येगळं वळखायला?"