सदर बहिणीस कळविण्यात येते की

माझ्या भाचीच्या लग्नात जो गोंधळ झाला, त्याचं खापर गेली कित्येक वर्षं माझ्या बायकोच्या डोक्यावर आहे, आणि ते मी फोडलेलं आहे. हे सांगायचं मी आजवर टाळलं. विषय निघाला की मला एकदम कोथिंबीर आणायची आठवण व्हायची. आता कोथिंबीरही घरपोच येते. पळायला जागा उरली नाही, म्हणून सांगून टाकतो.

मी साखर कारखान्याच्या कचेरीत पत्रव्यवहार पाहायचो. शेवटी शेवटी टेबलावर संगणक आला आणि मला साक्षात्कार झाला. प्रत्येक पत्र नव्याने लिहायची गरजच नाही! नमुने तयार ठेवायचे, नाव बदलायचं, पाठवून द्यायचं. निवृत्त झाल्यावर मुलाने कोल्हापूरच्या घरी संगणक घेऊन दिला आणि माझे नमुने त्यात सुखाने नांदू लागले. हळूहळू डोकंही तसंच चालू लागलं. कुणी काही विचारलं की उत्तराच्या आधी नमुना आठवायचा. शेजारचे एक गृहस्थ वारले, तेव्हा त्यांच्या मुलाला चुकून निरोपसमारंभाचा नमुना गेला: ‘आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ (तक्रार आली नाही, म्हणून मी निर्धास्त.) फोन उचलणं तर मी बंदच केलं. तोंडातून गेलेलं पुसता येत नाही, पडद्यावरचं येतं, हा माझा सिद्धांत.

माझी धाकटी बहीण सुमन गारगोटीला असते. आमचं बोलणं म्हणजे भांडण. ती मला माळ्यावरचं मडकं म्हणायची, मी तिला सुमे, कैदाशिणी म्हणायचो, आणि दोघांचंही पोट भरायचं. तिच्या पोरीचं, वैशालीचं लग्न ठरलं. मी फोन उचलेना, म्हणून सुमनने वैशालीकडून मोबाइलवर निरोप धाडला: मामाला म्हणावं चार दिवस आधी ये, नवरीच्या पाठीशी उभं राहायचंय.

मी तत्परतेने संगणकावरून उत्तर दिलं. ‘आदरणीय सौ. सुमनताई, आपले निमंत्रण प्राप्त झाले. सदर विषय विचाराधीन असून योग्य वेळी निर्णय कळविण्यात येईल.’

एकही चूक नव्हती. मी ते दोनदा वाचलं आणि चहा मागवला.

गारगोटीत मात्र सुतक पडल्यासारखं झालं. आमच्याकडं सख्खा भाऊ बहिणीला ‘आदरणीय’ म्हणतो ते फक्त शेतीची वाटणी कोर्टात गेल्यावर. आठवडाभर तिकडून चकार शब्द नाही. मग दाजींनी, म्हणजे सुमनच्या नवऱ्याने, भीत भीत मोबाइलवर लिहून विचारलं की काही चुकलं का आमचं. मी लगेच दुसरा नमुना काढला. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपली तक्रार नोंदवून घेण्यात आली आहे.’

यावर सुमनने शाहूवाडीच्या चुलतभावाला मामा म्हणून उभं करायचं ठरवलं. हे मला कळलं ते वैशालीने मालतीला, म्हणजे माझ्या बायकोला, रडत फोन केला तेव्हा. मालतीने फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. म्हणाली, “उठा. तुमची जागा शाहूवाडीला चालली.”

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बायका हळद दळत होत्या. गाडीत मी भाषण जुळवलं होतं, पण समोर पडदा नाही म्हटल्यावर एक शब्द फुटेना. माझी बोटं तेवढी हवेत हलत होती. (एका म्हातारीला वाटलं, माझ्या अंगावरून वारं गेलंय.) सुमनने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “काय पावणं, कुणाकडं आलाय?”

पावणं! सख्ख्या भावाला! माझ्या डोक्यातले सगळे नमुने एका झटक्यात पुसले गेले.

“सुमे, डोकं फिरलंय काय तुझं? माझी भाची हाय ती. शाहूवाडीचा मामा मांडवात दिसला तर पाटासकट उचलून बाहेर ठेवीन!”

जातं थांबलं. सुमनचे डोळे भरून आले. ती बायकांकडं वळून म्हणाली, “आला गं माझा अण्णा.” मग माझ्याकडं वळली. “माळ्यावरच्या मडक्या, इतकं दिवस तोंडात काय बोळा कोंबलातास व्हय रं?”

त्यानंतर आम्ही इतकं कडाक्याचं भांडलो की समोरच्या घरातली माणसंसुद्धा समाधानाने हसत बाहेर आली. दाजींनी माझ्या डोक्याला फेटा बांधला. शाहूवाडीच्या मामाने खुशीने वाढप्याचं काम घेतलं. भर दिग्विजयात सुमनने विचारलं, “पर ती सरकारी नोटीस लिवली कुणी?”

सगळं अंगण माझ्याकडं बघू लागलं. फेटा नुकताच बसला होता. मी हात वर केला आणि बोट मालतीकडं दाखवलं. “ही कॉम्प्युटर शिकतीया.”

आयुष्यात माउसला हात न लावलेल्या मालतीने माझ्याकडं एकदाच पाहिलं. पदर सारखा केला आणि सुमनला म्हणाली, “नवीन नवीन होतं, वन्सं. चुकलं माझं.”

माझी माफी तिने मागून टाकली, आणि मी नवरीच्या पाठीशी छाती काढून उभा राहिलो. फोटो झकास आलेत. तेव्हापासून आमच्या नात्यातली सगळी माणसं मालतीला ‘कलेक्टरीणबाई’ म्हणतात. घरात कुणाचं पत्र चुकलं की तिच्याकडं बघून हसतात. तीही हसते.

म्हणून आज सकाळपासून हे टाइप करतोय. मघाशी आतून तिने विचारलं, “इतका वेळ काय बडवताय?”

मी उठलो, स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ‘मालती, चुकलं माझं,’ एवढंच म्हणायचं होतं. ती भाजी चिरता चिरता थांबून माझ्याकडं बघत राहिली.

म्हणालो, “लाइट बिल भरतोय.”