वाघ, डुक्कर आणि प्लायवूड

कसबा पेठेतलं प्लायवूडचं दुकान बंद पडल्यावर बद्रीनाथ घोडके चिनी ज्योतिषी झाले. लाकडाचा अभ्यास काय तो तेवढाच. माझ्या लेकीच्या, ऋतुजाच्या जन्मवर्षाची शाखा, म्हणजे त्या वर्षाचा प्राणी, वाघ; तिला सांगून आलेल्या विश्वजीतची डुक्कर. दोन्ही जुळल्या की लाकूड हे तत्त्व तयार होतं आणि इतक्या लाकडाचा संसार पेटतोच, असं त्यांनी सांगितलं. घाबरून मी स्थळाला नकार कळवला.

आज वाचलं, चिनी वर्ष जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत बदलतं. ऋतुजा पाच जानेवारी अठ्ठ्याण्णवची, म्हणजे वाघ नव्हेच, बैल! घोडकेंना फोन केला, तर म्हणतात, “अहो ताई, पुण्यात वर्ष एक जानेवारीलाच लागतं.”

यांच्याशी काय बोलणार? उद्या विश्वजीतच्या आईशी मात्र मलाच बोलायचं आहे.